फाल्गुनातली फवारणी

१

निमटाकळीच्या शाळेत त्या सोमवारी खिचडीची पंगत बसली आणि चार पोरांची ताटं वेगळी मांडली गेली. हातभर अंतरावर नव्हे, चांगली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पोरं चपला काढतात तिथे. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कारण सांगितलं नाही. पोरांना वाटलं, काहीतरी नवा खेळ असेल. पण खिचडी शिजवणारी नंदाबाई पळी हातात घेऊन उभी होती, तिची लेक त्या चारांत होती, आणि तिला हा खेळ लगेच कळला. मुख्याध्यापकांनी तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, की उद्यापासून तुम्ही आराम करा, कांताबाई एकट्या बघतील.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई पहिल्या जीपने जाफराबादला आली. तालुक्याच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात उषाबाई समुपदेशक होत्या. समुपदेशक हा शब्द गावातल्या कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळे त्यांना नुसतं उषाताई म्हणत. आष्टीकडच्या शेतकऱ्याची लेक, चाळिशीची, बोलायला खणखणीत. नंदाबाईचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता तो खंगून गेला, तेव्हा तिलाही असंच जीपमध्ये आडवी घालून आणलं होतं. तिला परत पायावर उभी केली ती या केंद्राच्या गोळ्यांनी, आणि उषाबाईंच्या एका वाक्याने. ते वाक्य असं होतं, की या खोलीतली गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही, हा माझा शब्द.

नंदाबाईने गोळ्यांच्या डब्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या.

"कालपास्नं न्हाई घेतल्या," ती म्हणाली. "तुमी म्हन्ल्या व्हत्या, कोनाला कळनार न्हाई. मंग समद्या गावाला कसं कळलं?"

उषाबाईंनी समजावलं. गोळ्या मध्येच तोडल्या तर पुन्हा त्याच गोळ्या लागू पडतील याचा भरवसा नाही, हेही सांगितलं. एरवी नंदाबाई ऐकणारी बाई. आज तिने मान वर केली नाही.

"नाव आनून द्या. ज्यानं सांगितलं त्याचं खरं नाव. ते आनलं तर गोळ्या घेईन, न्हाई तर न्हाई. तवर ह्या तुमच्यापाशीच ठिवा."

ती गेली. उषाबाईंना तिची तब्येत ठाऊक होती. असंच चाललं तर ही बाई पुढचा पोळा बघणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे, नाव कुणाचं असेल याचा त्यांना अंदाज होता. ते नाव शेजारच्याच खोलीत कम्प्युटरसमोर बसलं होतं.

२

देवानंद हसनाबादचा. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने केंद्राला कम्प्युटर दिला, तेव्हा तो चालवायला आला. त्याआधी कोण गोळ्या नेतो, कोण चुकवतो, कोण गाव सोडून गेला, याचा पत्ता पेशंट पुन्हा अंथरुणाला खिळल्यावरच लागायचा. आता कम्प्युटर आधीच सांगायचा. आणि मोबाईलवरून आठवण करून द्यायची कल्पना तर खुद्द उषाबाईंची. दर शुक्रवारी दुपारी, देवानंद जेवायला उठायच्या आधी, सगळ्या पेशंटच्या मोबाईलवर एकदम संदेश जायचा. गोळी, औषध, दवाखाना असला शब्दच त्यात नको, म्हणून उषाबाईंनी मजकूर स्वतः बसवला होता. "कृषी सल्ला: उद्या कपाशीवर फवारणी करावी." कुणीही बघितलं तरी बघून सोडून देईल. अर्थ ठाऊक फक्त पेशंटला. गोळ्या चुकवू नका, संपत आल्या असतील तर शनिवारी या.

आणि कल्पना चालली. गोळ्या चुकवणारे निम्म्याहून कमी झाले. जालन्याच्या बैठकीत उषाबाईंचं कौतुक झालं, आणि त्या कौतुकाने त्या जरा फुगल्याही. माणूसच ते.

आता त्याच बैठकीतल्या साहेबांचा फोन आला. निमटाकळीतली नावं फुटलीत, कम्प्युटर एकाच माणसाच्या हातात आहे, त्याला आजच कामावरून काढा. उषाबाईंना हे पटायला वेळ लागला नाही. देवानंदची मावशी निमटाकळीत दिली होती, सणावाराला तो तिथे जायचा. त्यांनी त्याला बोलावलं आणि जे तोंडाला आलं ते बोलून घेतलं. भावासारखा मानला, तू आमचं घर विकलंस, इथपर्यंत.

देवानंदने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने कम्प्युटर बंद केला, किल्ली टेबलावर ठेवली.

"म्याडम, मी सांगितलं का, असं तुम्ही विचारलं पण न्हाई," तो म्हणाला. "सरळ सांगितलंच म्हणून बोलून राह्यल्या."

तो दारातून बाहेर पडतो न पडतो, तोच त्याला धक्का देऊन एक धोतरवाला म्हातारा आत शिरला. निमटाकळीचा कडूबा. गावात मोठं वावर, तोंडही तेवढंच मोठं. त्याच्या नातवाचं ताट वेगळं मांडलेल्या चारांत होतं.

"माझं नाव तुमच्या कम्प्युटरात कसं काय आलं?" त्याने विचारलं. "मी तर आजवर तुमच्या दवाखान्याची पायरी चढलो न्हाई."

उषाबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यांना तो पेशंट म्हणून आठवत नव्हता. त्यांनी देवानंदला दारातूनच परत बोलावलं, कम्प्युटर पुन्हा सुरू करवला आणि निमटाकळीची यादी उघडायला लावली. कडूबा तिथे नव्हता. त्याच्या घरातलं कुणीच नव्हतं.

३

कडूबाला कसंबसं समजावून पाठवलं आणि उषाबाई खुर्चीत बसून राहिल्या. देवानंदही गेला नाही. राग होता, पण कोडंही होतं, आणि कोड्यापुढे त्याचा राग टिकत नसे.

जर नावं कम्प्युटरातून गेली असतील, तर जो माणूस कम्प्युटरात नाही त्याच्या नातवाचं ताट वेगळं का? चोरी करणाऱ्याने वाण्याच्या दुकानातून साखर चोरावी आणि पिशवीत घरचं मीठ निघावं, तसलं हे झालं. उषाबाईंनी हे मनातल्या मनात घोळवलं, आणि देवानंदकडे बघायची त्यांना लाज वाटायला लागली. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. ती मागायला हवी होती, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी सरदारबीला निरोप धाडला. सरदारबी म्हणजे गावोगाव फिरून पेशंटची विचारपूस करणारी कार्यकर्ती. तिला स्वतःलाही हाच आजार, आणि ती तो लपवत नसे. एकदा सासरच्यांनी सामान रस्त्यावर फेकलं, त्यानंतर लपवायला उरलंच काय, असं ती हसून म्हणायची. निमटाकळीतलं घर न घर तिच्या पायाखालचं. म्हणजे संशय घ्यायचाच तर तिच्यावरही घेता येत होता, आणि उषाबाईंनी तो घेतला. या वेळी निदान विचारलं.

सरदारबीचा चेहरा पडला.

"बाई, जे माझ्यासंगं झालं, ते मी दुसऱ्यासंगं करीन का?" ती म्हणाली. "अन मी सांगितलं असतं तर बराबर सांगितलं असतं ना. तुळजाबाई कशी सुटली असती?"

तुळजाबाई निमटाकळीचीच पेशंट, केंद्रातली सगळ्यात जुनी. विधवा, नातवाला सांभाळणारी. सरदारबी सोमवारी योगायोगाने गावातच होती. तिने शाळेच्या कुंपणातून बघितलं होतं, की तुळजाबाईचा नातू बाकीच्या पोरांत मिसळून, मांडीला मांडी लावून खिचडी खात होता.

उषाबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणजे जी पेशंट आहे ती सुटली, आणि जो नाही तो अडकला. सरदारबीला तुळजाबाई ठाऊक होती, देवानंदलाही ठाऊक होती. दोघांपैकी कुणीही फोडलं असतं तर तुळजाबाई पहिली सापडली असती. आपण दिवसभरात दोन माणसांच्या तोंडावर थुंकलो आणि दोघंही निर्दोष, हे त्यांना कळलं, आणि त्यांना बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. कारण हे दोघं सोडले, तर केंद्रात उरल्या होत्या फक्त त्या स्वतः.

४

शुक्रवारी सकाळी उषाबाई निमटाकळीला गेल्या. एरवी पेशंटच्या गावात त्या पाऊल टाकत नसत, बघणारे दहा अर्थ काढतात. आता काढायला काही शिल्लक नव्हतं. त्या आठवड्याचा संदेशही त्यांनी देवानंदला सांगून थांबवला होता.

आधी त्या नंदाबाईच्या दिराकडे गेल्या. भुजंग हा त्यांचा तिसरा संशय. भावजय गेली की अर्धं घर मोकळं होईल, असं तो उघड बोलायचा. पण भुजंग भेटला तो वेगळाच. त्याला बाहेर काढलेल्या चार पोरांतली पुतणी सोडून बाकी कुणाचं काहीच ठाऊक नव्हतं. उलट त्यानेच मिटक्या मारत विचारलं, की कडूबासारख्या माणसाला हे कसं झालं. खोटं बोलणाऱ्याला एवढा खरा आनंद होत नाही. उषाबाईंनी त्याला मनातून खोडून टाकलं.

नंदाबाई घरात पडून होती. अंगात कणकण होती. चूल दोन दिवस पेटली नव्हती. तिने उषाबाईंना बसा म्हटलं नाही, फक्त विचारलं, "नाव आनलं?" उषाबाईंनी मानेनेच नाही म्हटलं, तशी तिने कूस बदलली.

तेवढ्यात कांताबाई आली. शाळेत नंदाबाईबरोबर खिचडी शिजवणारी, पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई. नंदाबाई तिला कांताक्का म्हणायची, आणि मोठ्या बहिणीला मानावं तशी मानायची. अख्ख्या गावात या घराचा उंबरा अजून ओलांडत होती ती एवढी एकच. तिने वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा कोनाड्यात ठेवला, पोरीच्या केसांवरून हात फिरवावा तसा हवेतच फिरवला, आणि शाळेत जायचंय म्हणून लगेच निघाली. जाताना डोळे पुसत होती. उषाबाईंना तिच्याविषयी फार आपुलकी वाटली. अशी माणसं आहेत म्हणून गाव उभं आहे, असंही त्यांना वाटून गेलं.

तिथून त्या कडूबाच्या वाड्यावर गेल्या. म्हाताऱ्याने चहा केला आणि लाल दोरा बांधलेला आपला नवा मोबाईल दाखवला. नवा म्हणजे त्याला नवा. त्याच्या वावरात राबणारा रामकिसन बायकोपोरांसकट पुण्याला कामाला गेला, जाताना मोबाईल आतल्या सिमकार्डासकट कडूबाला देऊन गेला. चांगला चालतो, कडूबा म्हणाला, फक्त त्यावर शेतीचे संदेश फार येतात.

उषाबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. रामकिसन त्यांचा पेशंट होता. कम्प्युटरात त्याचा नंबर अजून तसाच होता.

"कसले संदेश?" त्यांनी विचारलं.

"फवारनीचे," कडूबा म्हणाला. "आता तुमीच सांगा, वावरातल्या पऱ्हाट्या उपटून महिना झाला. फाल्गुनात कोनती कपाशी फवारायची?"

५

उषाबाई बाहेर आल्या आणि भिंतीच्या सावलीला उभ्या राहिल्या. आता सगळं एका रांगेत बसत होतं.

कडूबा अडकला तो मोबाईलमुळे. तुळजाबाई सुटली, कारण तिच्याकडे मोबाईलच नव्हता, तिचा निरोप सरदारबी तोंडी नेई. म्हणजे फोडणाऱ्याच्या हाती नावं नव्हतीच. त्याच्या हाती मोबाईल होते. कुठल्या मोबाईलवर फवारणी येते, एवढंच त्याने बघितलं होतं. आणि तो संदेश लक्षात यावा म्हणून कष्टही पडले नव्हते. ऐन फाल्गुनात, कपाशी शिवारातून गेल्यावर, कपाशीवर फवारणी करा म्हणणारा संदेश. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईने तो बसवला होता आणि वर्षभर तसाच चालू ठेवला होता. मोसम बदलतो हे कम्प्युटरला कुणी सांगायचं असतं, आणि सांगणारी बाई कौतुक ऐकण्यात गुंतली होती.

पण एका घरातला मोबाईल त्या घरातल्याला दिसेल. चार घरांतले चार मोबाईल एकाच माणसाला कुठे दिसतील?

त्यांनी वर बघितलं. तारांवर कावळे निवांत बसले होते. भारनियमन. शुक्रवारी निमटाकळीला दिवसभर लाईट नसते, हे जीपवाल्याने येतानाच सांगितलं होतं. मग लोक मोबाईल कुठे चार्ज करतात, हे विचारायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही.

महेबूबचं दुकान चौकात होतं. जनरेटर, फळीवर वायरींचं जाळं, आणि एका ओळीत मांडलेले गावाचे मोबाईल. उषाबाई पोचल्या तेव्हा महेबूब नव्हता. शुक्रवार, तो नमाजला गेला होता. दुकानात, महेबूबच्या स्टुलावर, कांताबाई बसली होती. दुकानाची जागा तिच्याच घराची पुढची खोली. खिचडी वाढून झाली, की भांडी घासायला नंदाबाईला ठेवून ती लवकर निघायची, आणि महेबूब परत येईपर्यंत दुकान सांभाळायची. दर शुक्रवारी. आता भांडी घासायला मुख्याध्यापकांनी दुसरी बाई लावली होती.

"बसा ना उषाताई," ती म्हणाली. "महेबूब येईलच जल्दी."

उषाबाई बसल्या. त्यांनी फळीकडे बघितलं. मोबाईल एकाला एक लागून मांडलेले. फक्त चार मोबाईल त्या ओळीत नव्हते. त्यांच्या वायरी लांब ओढून ते खाली, पोत्यावर, बाकीच्यांपासून वेगळे ठेवले होते. त्यातल्या एकाला कडूबाने मघाशी दाखवला होता तसाच लाल दोरा बांधलेला होता. त्या भिंतीच्या सावलीला उभ्या होत्या तेवढ्यात कडूबाच्या सुनेने तो चार्जिंगला आणून टाकला होता.

महेबूब डोक्यावरची टोपी काढत आला. उषाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे चार खाली का. त्याने खांदे उडवले.

"म्या तर समदे एकाच लाईनीत लावून जातो," तो म्हणाला. "नमाजहून आलो का हे खाली असत्यात. मला वाटलं, वरचं बटन ढिलं हाय."

कांताबाईने पदर तोंडाला लावला होता.

६

महेबूबला चहा सांगायला पाठवून उषाबाईंनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही. कांताबाईच बोलायला लागली, कारण तिला हे कुणाला तरी सांगायचंच होतं.

"नंदाचा मोबाईल माझ्याच हातात व्हता तवा," ती म्हणाली. "म्या म्हन्लं, नंदे, तुला वावर न्हाई का शिवार न्हाई, अन शिमग्याच्या तोंडाला तू फवारनी कशावर करून राह्यली? लई हसलो आमी दोघी. हसता हसता ती रडायलाच लागली. मंग समदं सांगितलं तिनं."

कांताबाईही तेव्हा रडली होती. नंदाबाईला घरी नेऊन तिने चहा पाजला होता, पाठीवरून हात फिरवला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली होती. ती शपथ तिने मनापासून घेतली होती, यात उषाबाईंना शंका वाटली नाही. पण पुढच्या शुक्रवारी ती या स्टुलावर बसली असताना फळीवरचे चार मोबाईल एकदम वाजले. तिने उघडून बघितले. चारांवर फवारणी.

"मंग कोणाला सांगितलं?" उषाबाईंनी विचारलं.

"कोनाला न्हाई. निसतं सुनंला. आपल्या नातवाला त्या पोरांच्या शेजारी बसू दिऊ नको, एवढंच म्हन्लं. सून कोनाला बोलली मला म्हाईत न्हाई."

सून बोलली शेजारणीला, शेजारीण बोलली विहिरीवर, आणि मुख्याध्यापकांच्या कानी गेलं तेव्हा ते सगळ्या गावाचं झालं होतं. उषाबाईंनी तिला सांगितलं, की हा आजार एका पंगतीत बसून होत नाही, ताटाने होत नाही, मोबाईलला हात लावून तर मुळीच नाही. कांताबाईने मान हलवली. हे सगळं नंदाने तेव्हाच सांगितलं होतं, ती म्हणाली.

"म्हाईत हाय ताई. समदं म्हाईत हाय. पन हात जातच न्हाई."

आणि मग तिने उषाबाईंचे पाय धरायला वाकून विनवलं, की नंदाला माझं नाव सांगू नका. तिच्या घरात चूल पेटत न्हाई, दुसरं कोणी भाकर देणार न्हाई. मी तुटले तर ती उपाशी मरंल.

उषाबाई चौकात उभ्या राहिल्या. कांताबाई बोलली त्यात खोटं काही नव्हतं. नाव सांगितलं तर नंदाबाईचं गावातलं शेवटचं माणूस जाणार. नाही सांगितलं तर गोळ्या जाणार. आणि तिसरी एक वाट होती, फार सोयीची. साहेबांना देवानंद हवाच होता. देवानंद म्हणून सांगितलं की नंदाबाई गोळ्या घेईल, कांताबाई भाकरी आणेल, आणि संदेश कुणी बसवला होता हे कुणी विचारणारही नाही. ती वाट किती गुळगुळीत होती हे बघून उषाबाईंना स्वतःचा राग आला.

७

नंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. उषाबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि सगळं सांगितलं. कडूबाचा मोबाईल, तुळजाबाईचं सुटणं, दुकानातली फळी, पोत्यावरचे चार मोबाईल. नाव आलं तेव्हा त्या थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुढे बोलवलं नसतं.

नंदाबाईची नजर कोनाड्यातल्या पुडक्यावर गेली. सकाळपासून ते तसंच होतं.

"ताटात भाकर आली असती तर ताट परत द्यायला लागलं असतं," ती म्हणाली. "अन मी काय ते रिकामं दिलं असतं का? ती कागदात आनाया लागली, तवाच मला समजाया पायजे व्हतं. मला वाटलं, घाईत असंल."

मग तिने विचारलं, की कांताक्काने का सांगितलं. नातवासाठी, उषाबाई म्हणाल्या.

"मला बी लेक हाय," नंदाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. बहिणीहून जवळ मानली होती, ती म्हणाली, आईला सांगितलं नाही ते तिला सांगितलं.

उषाबाईंचं अजून संपलं नव्हतं. कांताबाई दुसरी, पहिली मी, असं त्यांनी सांगितलं. मी शब्द दिला आणि मीच तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर दर शुक्रवारी एकच घंटा बांधली. तुमच्या गावात लाईट नसते, तुम्ही मोबाईल कुठे ठेवता, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही शेती करता का, हेही विचारलं नाही. कांताबाईने बघितलं, पण दाखवलं मी.

हे ऐकून नंदाबाईने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"गोळ्या आनल्या का?" तिने विचारलं.

उषाबाईंनी पिशवीतून डब्या काढल्या. नंदाबाई उठली, माठातलं पाणी घेतलं, गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली. मग तिने डब्या पत्र्याच्या पेटीत ठेवून पेटी लावली.

"नाव खरं आनलं तुमी, म्हनून घेतली. बोलल्याला जागले मी," ती म्हणाली. "रोज घेईन, माझ्या लेकीसाठी घेईन. पन उषाताई, आता मला पुन्हा म्हनू नका, कोनाला कळनार न्हाई म्हनून. मोबाईलवर काही धाडू नका. माझ्या गोळ्या सरदारबीजवळ द्या. तुमी येऊ नका."

उषाबाई उठल्या, त्यांनी चप्पल घातली. मागे नंदाबाईने कोनाड्यातलं पुडकं उचललं, लेकीला हाक मारून ते दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवायला सांगितलं, आणि पिठाचा डबा पुढे ओढला.

ओट्यावर कांताबाई बसली होती. कधीची आली होती कोण जाणे. पुडकं तिच्याजवळ ठेवून पोर आत गेली आणि दार लागलं. जीपला अजून अवकाश होता आणि बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून उषाबाई त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आतून चूल फुंकल्याचा आवाज येत होता.

"ताई," कांताबाईने हळूच विचारलं, "घेतली का तिनं गोळी?"

"घेतली," उषाबाई म्हणाल्या.

कांताबाईने मान हलवली. मग जीप येईपर्यंत त्या दोघीही त्या बंद दाराशी बसून राहिल्या.